ध्वनिवर्धकाची जुळणी आणि डाखाचा निर्दोष सांधा

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या रांगांमध्ये धारणी तालुका वसलेला आहे. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी घाटवळणे पार करीत धारणीला जावे लागते. अमरावतीपासून हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. १९८५ च्या आदेशान्वये धारणी व चिखलदरा ही मेळघाटातील क्षेत्रे अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित झाली. पुढे १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम यांमुळे येथील ग्रामसभेला जल, जंगल, जमीन आणि गौण वनोपज यांविषयी महत्त्वाचे अधिकार प्राप्त झाले. ग्रामसभेचा निर्णय हा उपस्थितांचा निर्णय असतो. तो विचारपूर्वक व्हावयाचा तर सभेत बोललेला शब्द शेवटच्या रांगेतील स्त्रीपुरुषांपर्यंत स्वच्छ पोहोचणे ही त्याची पहिली अट आहे.

मेळघाटात या अटीला विशेष महत्त्व आहे. येथील बहुसंख्य कुटुंबांची मातृभाषा कोरकू ही आहे. ती मुंडा भाषाकुळातील असून मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. सभेत योजनांचे वाचन मराठीत होते, चर्चा कोरकूत चालते आणि बाजारची हिंदी मध्ये येत राहते. आपल्या भाषेतील एखादा शब्द खरखरीत बुडाला तरी ऐकणारा तो संदर्भाने भरून काढतो. शिकून घेतलेल्या भाषेत मात्र ही सोय फार कमी असते. म्हणून कर्ण्यातून येणारी खरखर, मधूनच तुटणारा आवाज किंवा सतत चालणारी घुमघुम ही येथे केवळ कानाला त्रासदायक गोष्ट राहत नाही. दाव्याची मुदत, अनुदानाची रक्कम, लसीकरणाचा दिवस असा नेमका तपशीलच तीत हरवतो.

ऐकणे आणि विचारविनिमय यांचा हा संबंध महाराष्ट्राने पूर्वीच अनुभवला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा आणि लगेच त्यावर चर्चा करावी, अशी त्याची रचना होती. त्या प्रयोगातून पुढे देशभर श्रोतृमंडळे निघाली. चर्चेचा आरंभ नीट ऐकण्यापासून होतो, हे त्यातील सूत्र आजच्या ग्रामसभेलाही तितकेच लागू आहे.

घरी जुळविता येणारा संच

लहान सभेपुरता ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आज सुट्या भागांच्या संचातून घरी किंवा शाळेत जुळविता येतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व पुण्यातील बुधवार पेठ येथील दुकाने अशा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. दुकानदार ज्याला ‘४४४० चा बोर्ड’ म्हणतात, तो एलए ४४४० या आयसीवर आधारलेला फलक आपल्याकडे दीर्घकाळ लोकप्रिय आहे. तो मोटारीतील १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि ४ ओहमच्या स्पीकरला, एकच वाहिनी केल्यास, सुमारे १९ वॉट शक्ती देतो. वर्गखोली, समाजमंदिर किंवा झाडाखालची बैठक यांना एवढा आवाज पुरतो. वीज गेली तरी सभा थांबत नाही, हा बॅटरीचा आणखी एक लाभ होय.

फलक बहुधा तयार मिळतो. जुळणी करणाऱ्याचे खरे काम असते ते माइक, स्पीकर व बॅटरी यांच्या तारा आणि त्यांच्या टोकांच्या पिना व सॉकेटे बसविण्याचे. संच बिघडतो तोही बहुतेक वेळा येथेच. आयसी पेटीत सुरक्षित असते. पिना मात्र रोज ओढल्या, खुपसल्या व पिळल्या जातात. शिवाय साध्या डायनॅमिक माइकमधून येणारा संदेश अवघा एक-दोन मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका असतो. ध्वनिवर्धक त्याला शेकडो पटींनी वाढवितो. माइकच्या पिनेतील सांधा कच्चा असेल, तर तेथील किंचित चलबिचलही तितक्याच पटींनी वाढून कर्ण्यातून कडकडाट होऊन बाहेर पडते. दोष पिनेत आणि दुरुस्ती मात्र फलकाची, असा निष्फळ खर्च यातूनच उद्भवतो.

डाख म्हणजे काय ?

धातूचे दोन तुकडे त्यांच्याहून कमी उष्णतेवर वितळणाऱ्या तिसऱ्या धातूने जोडणे म्हणजे डाख देणे किंवा झाळणे. विद्युतकामासाठी प्रचलित असलेला डाख हा कथील व शिसे यांचा मिश्रधातू आहे. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असे प्रमाण असल्यास तो १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळतो व निवताना एकदम घट्ट होतो. ६०:४० प्रमाणाचा डाख मात्र १८३ ते सुमारे १९० अंशांच्या दरम्यान काही क्षण लापशीसारखा राहतो. त्या क्षणी तार हलली तर सांधा आतून भेगाळतो. नवशिक्यांसाठी ६३:३७ चा डाख म्हणूनच अधिक सोयीचा होय.

या विद्येचे मूलतत्त्व खेड्यापाड्यांतील जुन्या पिढीला कल्हईवाल्याच्या कामावरून परिचित आहे. कल्हईवाला प्रथम भांडे घासून घेतो, मग भात्यावर ते तापवितो, नवसागर फिरवितो आणि त्यानंतर कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला लावतो. कथील वितळते ते भांड्याच्या उष्णतेने, आणि म्हणूनच ते पाण्यासारखे पसरून धातूशी एकजीव होते. भांडे थंड किंवा तेलकट राहिले, तर तेथे कल्हई धरत नाही. कथलाचे मणी होऊन घरंगळतात.

डाखाचेही तसेच आहे. तापलेल्या स्वच्छ तांब्यावर वितळलेला डाख पसरला की कथील व तांबे यांच्या संयोगाचा एक अतिशय पातळ थर सीमेवर तयार होतो. सांध्याचे बळ व विद्युतवाहकता त्या थरावर अवलंबून असते. डाख आयर्नच्या टोकावर वितळवून तो थंड तारेवर थेंबाप्रमाणे सोडला, तर असा थर बनतच नाही. वरून सांधा झालेला दिसतो, मल्टिमीटरही कदाचित जोडणी दाखवितो. परंतु तार डाखात केवळ अडकलेली असते. यालाच कोरडा सांधा म्हणतात. आधी धातू तापवावा, मग डाख द्यावा, हा या पाठाचा मुख्य नियम आहे.

कल्हईशी असलेले साम्य मात्र एका ठिकाणी संपते. नवसागर किंवा पत्राकाम करणाऱ्यांचे आम्लयुक्त द्रावण विद्युतकामात कधीही वापरू नये. भांडे शेवटी धुतले जाते. पिनेच्या आत राहिलेला क्षार धुता येत नाही. तो हवेतील ओल शोषून तांबे खात राहतो. मेळघाटातील दीर्घ व दमट पावसाळ्यात अशा सांध्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि काही महिन्यांत तार तुटते. विद्युतकामासाठी राळ हेच योग्य द्रव्य होय. डाखाच्या चांगल्या तारेच्या पोटात राळ भरलेलीच असते. निराळी पेस्ट घ्यावयाची झाल्यास ती राळेची आहे, याची वेष्टनावरून खात्री करून घ्यावी.

साहित्य व पूर्वतयारी

फलकावरील बारीक कामास २५ वॉटचे आयर्न पुरते. माइकची पिन किंवा मोठा जॅक यांचा धातू जाड असल्याने तो उष्णता झपाट्याने ओढून घेतो. त्यासाठी ४० ते ६० वॉटचे आयर्न घ्यावे. कमी शक्तीचे आयर्न दीर्घकाळ टेकवून ठेवल्यास पिन पुरेशी तापत नाही आणि तारेवरचे प्लास्टिक मात्र वितळते. तापमान ठरविता येणारे आयर्न असल्यास ते ३२० ते ३६० अंशांच्या दरम्यान ठेवावे. टोक टोचणी न घेता छिन्नीसारखे चपटे घ्यावे, म्हणजे धातूशी त्याचा संपर्क अधिक येतो.

याशिवाय सुमारे एक मिलिमीटर जाडीची, राळ भरलेली डाखाची तार, पक्कड, वायर सोलण्याचे कटर, ओला स्पंज, मल्टिमीटर, भिंग आणि उष्णतेने आकसणारी नळी एवढे साहित्य पुरे. पिन धरण्यासाठी लहान शेगडा उपयोगी पडतो. तो नसल्यास लाकडी फळीला पिनेच्या जोडीचे सॉकेट पक्के करावे आणि पिन त्यात खुपसूनच डाख द्यावा. याचा दुहेरी लाभ होतो. पिन हलत नाही. तसेच तिच्यातील प्लास्टिक उष्णतेने मऊ झाले तरी सॉकेटमुळे आतील टोके आपली जागा सोडीत नाहीत.

आयर्नच्या टोकालाही कल्हई लागते. तापलेले टोक ओल्या स्पंजावर पुसून त्याला लगेच थोडा डाख लावावा; ते चांदीप्रमाणे चकाकले पाहिजे. काळे पडलेले टोक उष्णता देत नाही. टोक कानशीने घासण्याचा मोह टाळावा, कारण त्यावरील लोखंडाचा संरक्षक थर निघून जातो व तांबे झिजू लागते. काम संपल्यावरही टोकावर डाख ठेवूनच आयर्न बंद करावे.

माइकच्या पिनेची जोडणी

सभेच्या माइकला बहुधा तीन टोकांची एक्सएलआर पिन असते. टोकांजवळ १, २ व ३ हे अंक कोरलेले असतात. तारेभोवतीची जाळी १ क्रमांकाच्या टोकाला, आणि आतील दोन तारा २ व ३ या टोकांना जोडावयाच्या असतात. दोन्ही बाजूंस २ ची तार २ लाच आणि ३ ची तार ३ लाच गेली पाहिजे. एका माइकच्या तारेत या दोन टोकांची अदलाबदल झाली, तर शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या माइकचा आवाज त्याला मारक ठरतो आणि दोन्ही मिळून आवाज वाढण्याऐवजी पोकळ येतो.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिली पायरी : पिनेचे मागील झाकण, रबरी बूच व आकसणारी नळी तारेत आधी ओवून घ्यावीत. नवशिक्यांकडून सर्वाधिक वेळा राहून जाणारी हीच गोष्ट होय. तिन्ही सांधे उत्तम जमतात आणि झाकण मात्र टेबलावर राहते. मग सारे काम उकलावे लागते.

दुसरी पायरी : तारेचे बाहेरील आवरण सुमारे दोन सेंटिमीटर सोलावे. आतील जाळीचे धागे कापले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. जाळी उकलून तिचा एक पीळ करावा व तीवर नळी चढवावी. आतील तारांची टोके पाच-सहा मिलिमीटर उघडी करावीत. याहून अधिक उघडी तार शेजारच्या टोकाला चिकटण्याचा संभव असतो.

तिसरी पायरी : तारेचे प्रत्येक टोक व पिनेतील प्रत्येक वाटी यांना स्वतंत्रपणे कल्हई करून घ्यावी. आयर्न तारेच्या खालच्या बाजूस टेकवून डाख वरच्या बाजूने लावावा. उष्णता तारेतून वर आली की डाख धाग्यांत आपोआप शोषला जातो. वाटीत निम्म्यापर्यंतच डाख भरावा.

चौथी पायरी : वाटीच्या बाहेरून आयर्न टेकवावे. आतील डाख वितळून चकाकताच तार त्यात उभी बसवावी, आणखी एखादा क्षण उष्णता द्यावी व आयर्न काढावे. या कामास दोन ते तीन सेकंद पुरतात. त्यानंतर तार तीन-चार सेकंद अजिबात हलवू नये. फुंकर घालून सांधा निववू नये. घाईने निवलेला सांधा दगा देतो.

पाचवी पायरी : सांधा निवल्यावर नळ्या चढवून आकसवाव्यात. नंतर मागील चाप तारेच्या बाहेरील आवरणावर घट्ट बसवावा. तारेला बसणारा हिसका आवरणाने झेलावा, डाखाने नव्हे, हा त्यामागील हेतू आहे. डाख हा मऊ धातू असल्याने वारंवार ओढ बसल्यास उत्तम सांधाही टिकत नाही.

मोठ्या जॅकची तऱ्हा थोडी वेगळी आहे. हा ६.३५ मिलिमीटरचा जॅक एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेला असून आजही तो रूढ आहे. त्यात टोकाला संदेशाची तार व बाह्यांगाला जाळी जोडतात. बाह्यांगाची पट्टी रुंद असल्याने तिला चार-पाच सेकंद उष्णता लागते. म्हणून प्रथम तिच्यावर कल्हई करून घ्यावी, ती निवू द्यावी आणि मगच जाळी बसवावी.

जेथे डाख देऊ नये

प्रत्येक जोडणीला डाख हिताचाच असतो, असा समज चुकीचा आहे. स्पीकरची किंवा बॅटरीची तार जेथे स्क्रूखाली दाबून बसवावयाची असते, तेथे तारेच्या टोकाला डाख लावू नये. स्क्रूच्या दाबाखाली मऊ डाख हळूहळू सरकतो, पकड ढिली होते, आणि अधिक प्रवाह वाहणाऱ्या तारेत ती जागा तापू लागते. अशा ठिकाणी तारेचे धागे स्वच्छ पिळून, शक्य तर दाबून बसविण्याची टोपी चढवून स्क्रू आवळावा. २३० व्होल्टच्या जोडणीचे काम जाणकार वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे. बॅटरीच्या धन तारेत, बॅटरीलगतच फ्यूज बसवावा आणि तांबडी व काळी तार यांची उलटापालट होणार नाही अशी पिन निवडावी. एकदा उलट जोडणी झाली तरी फलक निकामी होऊ शकतो.

सांध्याची परीक्षा

चांगला सांधा पाहताक्षणी ओळखता येतो. त्याची कड धातूवर निमुळती होत जाते, तारेच्या धाग्यांचा आकार वरून पुसटसा दिसतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. वाटोळा मणी, कडेला दिसणारी फट, खडबडीत किंवा दाणेदार पृष्ठभाग ही कच्च्या सांध्याची लक्षणे होत. शिसेविरहित डाख मात्र मुळातच काहीसा मंद दिसतो. तेथे चकाकीपेक्षा कडेचा उतार पाहावा.

भिंगातून पाहणी झाल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावी, तसेच शेजारच्या टोकांत जोडणी झालेली नाही ना, हेही पाहावे. त्यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. मल्टिमीटर जोडलेला असतानाच तार पिनेजवळ हलवावी व हलकेच ओढावी. आवाज किंचितही तुटला, तर सांधा पुन्हा करावा. जुन्या डाखावर नवा थर चढविणे हा उपाय नव्हे. जुना डाख काढून, टोक स्वच्छ करून पहिल्यापासून आरंभ करावा.

आरोग्य व दक्षता

शिसे विषारी आहे व लहान मुलांना ते विशेष अपायकारक असते. डाखाची तार दातात धरू नये, कामाच्या टेबलावर खाद्यपदार्थ ठेवू नयेत आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. डाख देताना निघणारा धूर हा राळेचा असतो. तो दम्यास कारणीभूत होऊ शकतो. खोलीत हवा खेळती असावी आणि चेहरा थेट धुरावर आणू नये. वितळलेला डाख उडण्याचा संभव असल्याने डोळ्यांवर चष्मा हवाच.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर कडक मर्यादा घातल्या. शाळेत विद्यार्थ्यांकडून काम करून घ्यावयाचे असल्यास शिसेविरहित डाख वापरणेच इष्ट होय. तो सुमारे २१७ ते २२७ अंशांवर वितळतो, म्हणून आयर्न थोडे अधिक तापवावे लागते व हाताला अधिक सराव लागतो. एकाच सांध्यात दोन प्रकारचे डाख मिसळू नयेत.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावताना ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांचे पालन आवश्यक आहे. त्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत असा वापर सामान्यतः निषिद्ध आहे. मेळघाट हा १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचा प्रदेश असल्याने वनहद्दीलगतच्या गावांनी आवाज सभेपुरताच ठेवणे उचित ठरेल.

तालुक्यातच तयार व्हावे असे कौशल्य

हरिसाल येथे २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ उपक्रम सुरू झाला, तेव्हा मेळघाटातील तंत्रज्ञानाची बरीच चर्चा झाली. साधने गावात येणे हे पहिले पाऊल आहे. ती गावातच दुरुस्त होणे हे दुसरे. पिनेतील तुटलेल्या एका तारेसाठी माइक परतवाड्याला किंवा बऱ्हाणपूरला पाठवावा लागला, तर पावसाळ्यात तो परत येईपर्यंत दोन सभा होऊन जातात. तीच दुरुस्ती शिकलेल्या हाताने दहा मिनिटांत होते.

यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. आश्रमशाळेतील विज्ञान शिक्षकाने आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक तास द्यावा. पहिले काही तास टाकाऊ तारांच्या तुकड्यांवर सराव, नंतर एक जॅक, त्यानंतर माइकची तार आणि शेवटी पूर्ण संच, असा क्रम ठेवल्यास एका सत्रात विद्यार्थी निर्दोष सांधा करू लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायाची ही पूर्वतयारीही ठरेल. ग्रामपंचायतीने आपल्या साहित्याच्या नोंदवहीत माइकच्या प्रत्येक तारेला क्रमांक द्यावा, दुरुस्तीची तारीख टिपून ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सर्व पिना एकदा तपासून घ्याव्यात. तारा कोपरावर आवळून न गुंडाळता सैल वेटोळे करून कोरड्या डब्यात ठेवल्यास सांध्यांचे आयुष्य वाढते.

ग्रामसभेत मागे बसलेली कोरकू महिला वनोपजाच्या दराविषयी प्रश्न विचारण्यास उठते, तेव्हा माइक तिच्यापर्यंत यावा आणि तिचे बोलणे व्यासपीठापर्यंत अखंड पोहोचावे, एवढीच या साधनाकडून अपेक्षा आहे. ती पूर्ण होणे पिनेतील तीन लहान सांध्यांवर अवलंबून असते. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी मनावर घेतल्यास ते सांधे पक्के करणारे हात प्रत्येक गावात तयार होऊ शकतील.